मिस्टर न्येत: ‘नाही’ म्हणण्याची नोकरी केलेला माणूस

रशियन भाषेत ‘न्येत’ म्हणजे ‘नाही’. पाश्चात्त्य पेपरवाल्यांनी एका माणसाचं नावच ‘मिस्टर न्येत’ पाडलं होतं, तो म्हणजे आंद्रेई ग्रोमिको, सोव्हिएत युनियनचा परराष्ट्रमंत्री. १९५७ ला खुर्चीत बसला तो १९८५ ला उठला, सलग २८ वर्षं. आपल्याकडे एखाद्याला एकच खातं लागोपाठ दोन टर्म मिळालं तरी आपण त्याला मुरलेला म्हणतो, इथे तर या गड्याच्या डोक्यावरचे बॉस बदलत गेले, ख्रुश्चेव्ह गेला, ब्रेझनेव्ह गेला, आंद्रोपोव्ह गेला, चेर्नेन्को गेला, हा आपला आहे तिथेच. रुझवेल्टपासून रेगनपर्यंत अमेरिकेच्या ९ अध्यक्षांशी याचा संबंध आला. आणि फोटो बघा कुठलाही, चेहरा तोच, समोरच्याने नुकतेच उसने पैसे मागितल्यासारखा.

बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की हा फार हट्टी, ताठर वगैरे. मला ते अर्धवट वाटतं. त्याच्या ‘नाही’मागे एक पक्का हिशोब होता, आणि तो हिशोब कळला की कोल्ड वॉरमधलं बरंच काही आपोआप उलगडतं. आणि गंमत म्हणजे त्यातले काही ‘नाही’ आपल्यासाठी होते, गोव्यासाठी सुद्धा, त्यावर येतोच.

आधी माणूस कोण ते बघू. जन्म १९०९ चा, बेलारूसमधल्या गोमेल शहराजवळच्या एका खेड्यात. खेड्याचं नाव स्तारिये ग्रोमिकी, म्हणजे जुनं ग्रोमिकी, आणि गावात बहुतेकांचं आडनाव ग्रोमिको, आपल्याकडे अख्खं गाव एकाच भावकीचं असतं ना तसं. घर शेतकऱ्याचं, शिकला तो शेतीचं अर्थशास्त्र. डिप्लोमसीशी काडीचा संबंध नाही. मॉस्कोत अर्थशास्त्राच्या संस्थेत संशोधक म्हणून काम करत होता आणि तसंच चाललं असतं तर कुठेतरी सामुदायिक शेतीवर जाडजूड पुस्तकं लिहून रिटायर झाला असता.

पण मधे स्टालिनची साफसफाई आली. १९३७-३८ च्या आसपास परराष्ट्र खात्यातली जुनी माणसं, परदेशात राहिलेली, चार भाषा येणारी, ती एकेक करून उचलली गेली, कितीतरी जणांना गोळ्या घातल्या, कितीतरी छावण्यांत गेली. मे १९३९ मध्ये खुद्द मंत्री लित्विनोव्हला काढलं आणि मोलोटोव्हला आणलं. आता खुर्च्या रिकाम्या आणि बसायला माणूस नाही. मग शोधाशोध सुरू झाली, गरीब घरातला पाहिजे, पार्टीचा मेंबर पाहिजे, थोडंफार इंग्रजी वाचता येणारा पाहिजे. ग्रोमिको त्यात बरोबर बसला. विशीतिशीतला हा अर्थशास्त्री खात्यात घुसला, थेट अमेरिका विभागावर, आणि त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या वकिलातीत वरच्या पदावर रवानाही झाला. त्याने स्वतःच्या आठवणींत लिहिलंय की जाण्याआधी स्टालिनने त्याला सल्ला दिला, इंग्रजी सुधारायचं असेल तर तिकडच्या चर्चमध्ये जाऊन पाद्र्यांची प्रवचनं ऐक, ते स्वच्छ बोलतात. (स्टालिन स्वतः पाद्री व्हायच्या शाळेत शिकलेला, त्याला ते माहीत असणारच.) ग्रोमिको म्हणतो हा एकच सल्ला मी पाळला नाही.

१९४३ मध्ये वयाच्या ३४ व्या वर्षी तो अमेरिकेतला राजदूत झाला. आणि कोणाच्या जागी, तर त्याच लित्विनोव्हच्या. पुढे आयुष्यभर हा माणूस वरून आदेश आल्याशिवाय एक शब्द जास्तीचा बोलला नाही, त्याचं मूळ मला इथे दिसतं. आधीच्या लोकांचं काय झालं हे त्याने बघितलेलं होतं.

आता खरा मुद्दा, व्हेटो, म्हणजे एकट्याने ठराव अडवण्याचा हक्क. १९४४ मध्ये वॉशिंग्टनमधल्या डम्बार्टन ओक्स नावाच्या हवेलीत युनोचा आराखडा ठरत होता, सोव्हिएत बाजूने मुख्य माणूस ग्रोमिको. भांडण कशावर, तर मोठ्या देशांना नकाराधिकार असावा हे सगळ्यांनाच मान्य होतं, पण समजा भांडणात तो मोठा देश स्वतःच एक पार्टी असेल तर? अमेरिका-ब्रिटनचं म्हणणं तेव्हा त्याने मत देऊ नये. ग्रोमिकोचं म्हणणं नाही, कुठल्याही परिस्थितीत व्हेटो पाहिजेच. रुझवेल्टने त्याला थेट स्वतःच्या बेडरूममध्ये बोलावून घेतलं, सकाळची वेळ, आणि समजावलं की आमच्याकडे नवरा-बायकोचं भांडण कोर्टात गेलं तर दोघं आपापली बाजू मांडतात पण निकालात मत देत नाहीत. ग्रोमिकोने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर बदललं नाही.

हा हट्ट का? आकडे बघा म्हणजे कळेल. युनो सुरू झाली तेव्हा ५१ देश. त्यातले बहुतेक पश्चिम युरोपातले, लॅटिन अमेरिकेतले, म्हणजे अमेरिकेच्या मागे हात वर करणारे. आफ्रिका-आशिया अजून बराचसा गुलामीत. सोव्हिएत युनियनच्या बाजूने मोजून पाच-सहा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये एका बाजूला ४० फ्लॅटवाले आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही आणि तुमचा चुलतभाऊ, अशी अवस्था. मतदानाने तुम्ही प्रत्येक वेळी हरणार. मग तुमच्या हातात उरतं काय, तर ठराव अडवण्याचा हक्क, बस. म्हणून पहिली २५ वर्षं व्हेटो म्हणजे जवळजवळ सोव्हिएत वस्तू होती. अमेरिकेने पहिला व्हेटो वापरला तो थेट १९७० मध्ये, कारण त्याआधी गरजच पडली नव्हती, बहुमत खिशात होतं. नंतर नवे स्वतंत्र देश आले, बहुमत सरकलं आणि मग अमेरिकेलाही ‘नाही’ म्हणायची सवय लागली. म्हणजे हा रशियन स्वभावाचा वगैरे प्रश्न नव्हता, बहुमत कोणाकडे याचा होता.

शेवटी याल्टात, रुझवेल्ट, चर्चिल आणि स्टालिन यांच्या बैठकीत तोडगा निघाला, महत्त्वाच्या बाबींत व्हेटो राहिला, कामकाजाच्या साध्या प्रश्नांत नाही, आणि वाद शांततेने सोडवण्याच्या ठरावावर वादातला देश मत देणार नाही. त्याच हवेलीत ग्रोमिकोने अजून एक मागणी टाकली होती जी ऐकून समोरच्यांना घाम फुटला: सोव्हिएत युनियनमधल्या सगळ्या १६ रिपब्लिकना, म्हणजे घटक राज्यांना, युनोत वेगवेगळी जागा द्या. शेवटी ३ वर भागलं, सोव्हिएत युनियन, युक्रेन आणि त्याचं स्वतःचं बेलारूस. ही १६ जागांची गोष्ट लक्षात ठेवा.

१९४६ पासून दोन वर्षं तो न्यूयॉर्कला सोव्हिएत प्रतिनिधी होता, आणि ‘न्येत’ची ख्याती तिथे पसरली. मार्च १९४६ मध्ये इराणच्या प्रश्नावर तो सुरक्षा परिषदेतून सरळ उठून चालता झाला, त्या काळी ही फार मोठी बातमी होती. पण याच माणसाने मे १९४७ मध्ये युनोत असं भाषण दिलं की ज्यू लोकांना स्वतःचं राष्ट्र मिळायला हवं, अरब आणि ज्यू एकत्र राहू शकत नसतील तर पॅलेस्टाईनची फाळणीही चालेल. लोक चक्रावले. कारण साधं होतं, ब्रिटिशांना तिथून बाहेर काढायचं होतं. सगळीकडे ‘नाही’ म्हणणारा माणूस फायदा दिसला की ‘हो’ पण म्हणायचा, ते कोणी लक्षात ठेवत नाही.

१९५७ मध्ये ख्रुश्चेव्हने त्याला मंत्री केलं. आता इथे सोव्हिएत व्यवस्था थोडी समजून घ्यायला लागेल नाहीतर घोळ होतो. तिकडे मंत्री म्हणजे मालक नाही. मालक पार्टी, आणि पार्टीत पॉलिटब्युरो नावाचं दहा-पंधरा जणांचं मंडळ, त्याच्या टोकाला जनरल सेक्रेटरी. आपल्या भाषेत हायकमांड. मंत्रालयाने फाईल बनवायची, हायकमांडने ठरवायचं, मंत्र्याने जाऊन ते जगाला सांगायचं. ग्रोमिको मंत्री झाला तरी पॉलिटब्युरोत पूर्ण मेंबर झाला तो १९७३ मध्ये, म्हणजे पहिली १६ वर्षं तो एका अर्थाने वरच्या दर्जाचा निरोप्या. ख्रुश्चेव्हच्या नावावर एक विनोद सांगतात की ग्रोमिकोला सांगितलं चड्डी काढून बर्फाच्या लादीवर बस तर तो बसेल आणि ऊठ म्हणेपर्यंत उठणार नाही. बॉस असा चारचौघांत बोलतो आणि हा शेजारी निर्विकार बसलेला. १९६० मध्ये युनोत ख्रुश्चेव्हने बूट हातात घेऊन तो प्रसिद्ध तमाशा केला तेव्हाही शेजारच्या खुर्चीत हाच होता, काय वाटलं असेल बिचाऱ्याला.

क्यूबाचं प्रकरण घ्या. १८ ऑक्टोबर १९६२, ग्रोमिको व्हाईट हाऊसमध्ये केनेडीला भेटायला गेला. सोव्हिएत युनियनने क्यूबात गुपचूप अणुक्षेपणास्त्रं नेऊन ठेवली होती. केनेडीला ते दोनच दिवसांपूर्वी समजलं होतं, विमानातून काढलेले फोटो त्याच्याकडे होते. ग्रोमिकोने शांत चेहऱ्याने सांगितलं की आमची क्यूबाला मदत संरक्षणापुरती आहे. केनेडीने फोटो दाखवले नाहीत, फक्त आधी दिलेला इशारा पुन्हा वाचून दाखवला. दोघंही एकमेकांना खेळवत होते आणि एकाला माहीतच नव्हतं की दुसऱ्याला माहीत आहे. चार दिवसांनी केनेडीने टीव्हीवर सगळं फोडलं आणि ग्रोमिको जगासमोर खोटारडा ठरला. यावर त्याचं आयुष्यभराचं उत्तर काय, तर केनेडीने मला ‘क्यूबात क्षेपणास्त्रं आहेत का’ असं सरळ विचारलंच नाही. विचारलं असतं तर मी योग्य ते उत्तर दिलं असतं. वकिली उत्तर आहे, आणि मला तरी ते पटत नाही, पण त्यातून त्याची पद्धत बरोबर कळते, खोटं शक्यतो बोलायचं नाही पण खरं कधीच आपणहून सांगायचं नाही.

पद्धतीचं सांगायचं तर अजून एक, त्याला इंग्रजी उत्तम यायचं. तरी वाटाघाटीत दुभाष्या घ्यायचाच, म्हणजे समोरच्याचं वाक्य दोनदा ऐकायला मिळतं आणि विचाराला वेळ मिळतो. मधेच दुभाष्याची चूकही दुरुस्त करायचा. किसिंजरसारखा माणूस (अमेरिकेच्या अध्यक्षांचा सुरक्षा सल्लागार, पुढे परराष्ट्रमंत्री) पण त्याच्या तयारीला मानायचा. एकेका कलमावर तासन्‌तास, तेच तेच पुन्हा, समोरचा कंटाळून काहीतरी सोडेपर्यंत. भाजीवाल्याशी घासाघीस करताना आपल्या आज्ज्या जे करायच्या, तेच फक्त विषय अणुबॉम्बचा.

आता आपला भाग. डिसेंबर १९६१ मध्ये आपलं सैन्य गोव्यात शिरलं, पोर्तुगालने युनोत धाव घेतली, आणि अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्की यांनी ठराव आणला की लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. १८ डिसेंबरला सोव्हिएत प्रतिनिधी झोरिनने व्हेटो टाकला, ठराव खलास, दुसऱ्या दिवशी गोवा मोकळा. तो हात झोरिनचा, पण खातं ग्रोमिकोचं. काश्मीरवर पण १९५७ आणि १९६२ मध्ये असाच व्हेटो पडला, १९५७ चा तर ग्रोमिको मंत्री झाल्यावर आठवड्याच्या आत. ताश्कंदला जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रीजी आणि अयुब खान यांच्यात जो समझोता झाला तिथेही सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनबरोबर हा हजर होता.

आणि सगळ्यात मोठं १९७१. पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित बंगालमध्ये येत होते, पुढे तो आकडा एक कोटीच्या घरात गेला. जुलैमध्ये किसिंजर पाकिस्तानमार्गे गुपचूप चीनला जाऊन आला आणि दिल्लीत धडकी भरली की उद्या युद्ध झालं तर पाकिस्तान, चीन आणि अमेरिका तिघं एका बाजूला. मैत्री कराराचा मसुदा मॉस्को आणि दिल्लीत १९६९ पासून फिरत होता, आपण अलिप्ततेच्या विचाराने चालढकल करत होतो. ती चालढकल संपली. ग्रोमिको दिल्लीत आला आणि ९ ऑगस्ट १९७१ ला त्याने आणि आपले परराष्ट्रमंत्री सरदार स्वर्णसिंग यांनी २० वर्षांच्या करारावर सह्या केल्या. त्यातलं ९ वं कलम महत्त्वाचं: कोणावर हल्ला झाला किंवा तशी धमकी आली तर दोघं ताबडतोब सल्लामसलत करून उपाय करतील. ‘तुमच्यासाठी लढू’ असं कुठेही लिहिलेलं नाही, नीट वाचा, ग्रोमिकोच्या खात्याची भाषा आहे ती. पण पेकिंग (आताचं बीजिंग) आणि वॉशिंग्टनला जो अर्थ लावायचा तो त्यांनी लावला आणि तेवढंच पाहिजे होतं. डिसेंबरमध्ये युद्ध पेटल्यावर सोव्हिएत युनियनने सुरक्षा परिषदेत तीनदा व्हेटो टाकून युद्धबंदीचे ठराव अडवले, आणि १६ डिसेंबरला ढाका पडलं.

आमच्या पिढीतले काही लोक यावरून अजून गहिवरतात, गुळगुळीत कागदाच्या सोव्हिएत मासिकांची वह्यांना कव्हरं घातलेली पिढी आमची. पण फुकट काही नव्हतं. १९६९ मध्ये उसुरी नदीवर सोव्हिएत आणि चिनी सैनिक एकमेकांवर गोळ्या झाडत होते, मॉस्कोला आशियात चीनच्या दुसऱ्या बाजूला एक मोठा मित्र हवाच होता. दोघांची गरज जुळली. त्यात वाईट काय?

तर मग या सगळ्या ‘नाही’मागचा हिशोब काय? माझ्या मते एकच, १९४५. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत युनियनची सुमारे २ कोटी ७० लाख माणसं मेली, बेलारूसमधला तर साधारण दर चौथा माणूस. ग्रोमिकोच्या पिढीचं म्हणणं होतं की त्या किमतीत जे मिळालं, म्हणजे पूर्व युरोपवरचा ताबा, नव्या सीमा, दोन तुकडे केलेली जर्मनी, ते कागदावर पक्कं करून घ्यायचं. सातबारा नावावर करून घेण्यासाठी माणूस जशी २५ वर्षं चकरा मारतो, अगदी तसं. १९७० मध्ये मॉस्कोत पश्चिम जर्मनीबरोबर करार झाला, त्यांनी सीमा मान्य केल्या. १९७२ मध्ये अमेरिकेबरोबर क्षेपणास्त्रांवर मर्यादा घालणारे करार, म्हणजे अमेरिकेने सोव्हिएत युनियनला बरोबरीचं मानलं. आणि १ ऑगस्ट १९७५ ला हेलसिंकीत ३५ देशांनी सही करून युरोपातल्या सीमा बळाने बदलणार नाही असं लिहून दिलं. सातबारा झाला.

फक्त त्याच कागदात पाश्चात्त्यांनी मानवी हक्कांची कलमं घुसवली होती. पॉलिटब्युरोतले काही म्हातारे बिथरले, तेव्हा ग्रोमिकोने समजूत घातली की आपल्या घरात मालक आपणच, ती कलमं कशी पाळायची ते आपण ठरवू. हयातभर स्वल्पविराम तपासणाऱ्या माणसाची ही सगळ्यात मोठी चूक. हेलसिंकीचा पूर्ण मजकूर सोव्हिएत पेपरांत छापून आला, लोकांनी वाचला, आणि १९७६ मध्ये मॉस्कोत मानवी हक्कांसाठी हेलसिंकी ग्रुप निघाला, १९७७ मध्ये चेकोस्लोव्हाकियात चार्टर ७७ नावाचं तसंच पत्रक, सगळे तोच कागद दाखवून विचारायला लागले की तुम्हीच सही केलीत ना?

दुसरी चूक अफगाणिस्तान, आणि ती जास्त महागात पडली. मार्च १९७९ मध्ये तिथल्या हेरात शहरात बंड झालं, काबूलचं सरकार मॉस्कोकडे सैन्य मागत होतं, तेव्हा पॉलिटब्युरोच्या बैठकीत ग्रोमिको विरोधात बोलला, की सैन्य पाठवलं तर अमेरिकेशी इतक्या वर्षांत जे जमवलंय ते सगळं जाईल. अगदी बरोबर बोलला. आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आजारी ब्रेझनेव्हच्या भोवती केजीबी या गुप्तहेर खात्याचा आंद्रोपोव्ह, संरक्षणमंत्री उस्तिनोव्ह आणि ग्रोमिको अशा तिघांनी सैन्य पाठवायचं ठरवलं. आयुष्यभर बाहेरच्यांना नाही म्हणणाऱ्या माणसाला घरातल्या दोघांना एकदा नाही म्हणता आलं नाही. सुमारे १५ हजार सोव्हिएत सैनिक मेले, अफगाण किती मेले त्याची गणती लाखांत. आणि जे जाईल म्हणाला होता ते सगळं गेलंच.

नंतरची वर्षं नुसती उतरण. सप्टेंबर १९८३ मध्ये सोव्हिएत विमानाने कोरियन प्रवासी विमान पाडलं, २६९ माणसं मेली, ग्रोमिकोने तेही निर्विकारपणे सावरायचा प्रयत्न केला, आणि त्या वर्षी न्यूयॉर्क-न्यू जर्सीत त्याच्या विमानाला उतरूच देईनात म्हणून युनोला गेलाच नाही. पुढच्या वर्षी मात्र रेगनने व्हाईट हाऊसमध्ये बोलावलं. तिथे हा नॅन्सी रेगनला म्हणाला, नवऱ्याच्या कानात रोज रात्री ‘शांती’ म्हणून सांगत जा. ती म्हणाली, सांगेन, आणि तुमच्याही कानात सांगेन. या माणसाची कोणी फिरकी घेतल्याचा हा दुर्मिळ प्रसंग.

मार्च १९८५ मध्ये चेर्नेन्को वारला तेव्हा नवा जनरल सेक्रेटरी म्हणून गोर्बाचेव्हचं नाव सगळ्यांसमोर मांडलं ते ग्रोमिकोनेच. ७५ वर्षांचा मुरलेला माणूस बोलला म्हटल्यावर विषय संपला. आतून बोलणी आधीच झाली होती, त्याचा मुलगा अनातोली मधे निरोप पोचवत होता. जुलैमध्ये गोर्बाचेव्हने त्याला राष्ट्रप्रमुख केलं, पद मोठं पण नुसतं मानाचं, आणि परराष्ट्र खातं दिलं शेवर्दनाझेला, जो जॉर्जियाचा पार्टी प्रमुख, परराष्ट्राचा काहीही अनुभव नसलेला. २८ वर्षांचा ‘न्येत’ संपला आणि नव्या माणसाने भराभर ‘हो’ म्हणायला सुरुवात केली. १९८८ मध्ये ग्रोमिको पॉलिटब्युरोतूनही गेला. २ जुलै १९८९ ला वारला, खातं सोडून बरोबर चार वर्षांनी. बड्या नेत्यांना पुरायचे त्या क्रेमलिनच्या भिंतीशी नाही तर मॉस्कोच्या नोव्होदेविची स्मशानभूमीत पुरलं.

चार महिन्यांनी बर्लिनची भिंत पडली. सातबारा गेला. आपल्याबरोबरच्या कराराची २० वर्षं ऑगस्ट १९९१ मध्ये भरत होती, म्हणून तो अजून २० वर्षांनी वाढवला, आणि डिसेंबरमध्ये करार करणारा देशच उरला नाही. आणि त्या १६ जागा आठवतायत? १९५६ मध्ये एक रिपब्लिक दुसऱ्यात विलीन झाल्याने १५ राहिल्या होत्या. सप्टेंबर १९९१ मध्ये तीन बाल्टिक देश युनोत बसले, मार्च १९९२ मध्ये अजून आठ आले, जुलैमध्ये जॉर्जिया, शेवर्दनाझेचं. रशिया, युक्रेन आणि बेलारूस होतेच. मोजून पंधरा, सगळ्यांना वेगवेगळी जागा, आणि या वेळी कोणी व्हेटो टाकला नाही.